आगगाडीतली आग

मराठीने रेल्वेला ‘आगगाडी’ हे नाव दिले ते डोळ्यांनी पाहून दिले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे जी गाडी निघाली तिच्या तोंडाशी खरोखरच आग होती, धूर होता, आणि मागच्या डब्यांतील उतारूंच्या अंगरख्यांवर कोळशाचे कण उडत होते. पुढे वाफेची एंजिने गेली, डिझेलची आली, तीही बहुतेक मार्गांवरून मागे सरली. परंतु शब्द राहिला. आज विजेवर धावणाऱ्या, दारे आपोआप मिटणाऱ्या, आत गारवा राखणाऱ्या गाडीलाही घरातील वडीलधारी मंडळी आगगाडीच म्हणतात, आणि नातवंडे हसतात. आज मी आपणांपुढे जो हिशेब मांडणार आहे, त्याच्या शेवटी ही वडीलधारी मंडळी सर्वस्वी चुकत नाहीत असे कदाचित आपणांसही वाटेल.

माझी नोकरी दिल्लीत आणि बिऱ्हाड गाझियाबादेत, हिंडन नदीच्या अलीकडच्या तीरावर. गाझियाबाद हे गाव मोठे चमत्कारिक. अठराव्या शतकात गाजीउद्दीन नावाच्या मोगल सरदाराने ते वसविले आणि त्याचे नाव गाजीउद्दीननगर असे ठेवले. १८६४ च्या सुमारास लोहमार्ग आला आणि एवढे लांबलचक नाव स्थानकाच्या पाटीला झेपेना म्हणून त्याचे गाझियाबाद झाले, असे सांगतात. म्हणजे या गावाचे नावसुद्धा रेल्वेने घडविलेले! १९७६ साली मीरत जिल्ह्यातून फुटून त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. साहिबाबादचे कारखाने, लोणीकडची लहानमोठी भट्टीघरे, दिल्लीला जाणारी-येणारी अखंड वाहतूक आणि भर शेतांतून उगवलेल्या वीस-वीस मजली इमारती, असे त्याचे आजचे रूप आहे.

या गावाला एकदा जागतिक कीर्तीही लाभली; पण ती कोणास सांगावीशी वाटू नये अशी. आयक्यूएअर या स्वित्झर्लंडमधील संस्थेने २०१९ सालच्या हवेचा जो जागतिक अहवाल काढला, त्यात जगातील सर्वांत प्रदूषित शहर म्हणून पहिला क्रमांक गाझियाबादला दिला होता. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारे जे अतिसूक्ष्म कण, त्यांचे त्या वर्षीचे सरासरी प्रमाण घनमीटरला ११० मायक्रोग्रॅम निघाले. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे; जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा त्या वेळी १० होती, २०२१ पासून ती ५ आहे. आकडे कोरडे असतात. पण कार्तिकातल्या सकाळी समोरची इमारत दिसेनाशी झाली, शाळा बंद झाली आणि मूल खिडकीशी खोकत बसले, की त्या आकड्यांना घरचा चेहरा येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये शाळा बंद ठेवून घरूनच शिकविण्याची पाळी राजधानीच्या परिसरातील अनेक गावांवर आली, त्यांत आमचेही गाव होते.

अशा गावातून एक नवी रेल्वे निघाली. दिल्ली, गाझियाबाद आणि मीरत यांना जोडणारा हा जलद प्रादेशिक मार्ग ८२ किलोमीटरांचा. तो बांधणारी राष्ट्रीय राजधानी क्षेत्र परिवहन निगम ही कंपनी २०१३ साली स्थापन झाली. तिची निम्मी मालकी केंद्र सरकारची, आणि उरलेली निम्मी दिल्ली, हरियाणा, राजस्थान व उत्तर प्रदेश या चार राज्यांची. मार्गाची कोनशिला मार्च २०१९ मध्ये बसली. साहिबाबादपासून दुहाईच्या आगारापर्यंतचा पहिला १७ किलोमीटरांचा तुकडा २० ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाला. म्हणजे या मार्गावर चाके फिरली ती प्रथम गाझियाबादेतच. गाडीला ‘नमो भारत’ असे नाव मिळाले. ती ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण मीरतपर्यंत पोहोचली आणि जानेवारी २०२५ मध्ये, उलट्या दिशेने, दिल्लीच्या न्यू अशोक नगरपर्यंत. ताशी १६० किलोमीटर हा तिचा वेग. ज्या वाटेवर मोटारीने दीड-दोन तास सहज मोडत, ती दिल्ली-मीरत वाट तासाभराच्या आत उरकावी असा तिचा संकल्प.

या कंपनीने आरंभापासूनच आपल्या कामाची ओळख करून देताना वेगाच्या जोडीला स्वच्छतेचाही उल्लेख केला आहे. संपूर्ण मार्ग चालू झाल्यावर वर्षाला अडीच लाख टन हरितगृह वायू हवेत जाण्याचे वाचतील, एक लाखाहून अधिक वाहने रस्त्यावरून हटतील, आणि या पट्ट्यातील प्रवासात सार्वजनिक वाहनांचा वाटा ३७ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर जाईल, असा तिचा अंदाज आहे. अंदाज मोठा आहे, आणि त्याची चेष्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तथापि ज्याचे अर्धे आयुष्य सरकारी कागदांत गेले आहे, त्याला अंदाज दिसला की त्याची पायाभरणी तपासण्याची खोड जडलेली असते. ती खोड मी येथे थोडी वापरणार आहे.

गेल्या दिवाळीला माझे मामा कल्याणहून आमच्याकडे आले होते. रेल्वेच्या विद्युत् विभागात त्यांची सारी हयात गेली. त्यांना मी मोठ्या अभिमानाने नव्या गाडीतून मोदीनगरपर्यंत नेऊन आणले. डब्यातील गालिच्यासारखी शांतता, फलाटाच्या काठावरची काचेची दारे, खालून सरकत जाणारी उसाची शेते, सारे त्यांनी कौतुकाने पाहिले. परतताना मी म्हणालो, “मामा, या गाडीला धूर म्हणून नाही.” ते म्हणाले, “अरे, तो नाही हे मलाही दिसतंय. पण तारेत वीज येते कुठून, ते सांग.”

प्रश्न साधा होता, आणि उत्तर खिडकीतून फार लांब नव्हते. गाझियाबादच्या दक्षिणेला दादरी येथे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे वीजकेंद्र आहे. आज ते गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात मोडते. पण १९९७ साली तो जिल्हा निर्माण होण्यापूर्वी दादरी गाझियाबादचीच होती. तेथील कोळशावरच्या संचांची क्षमता १,८२० मेगावॉट. त्यांना लागणारा कोळसा झारखंडातून, शेकडो कोसांवरून, रेल्वेनेच येतो. अर्थात दादरीचीच वीज या गाडीच्या तारेत येते असे म्हणता येणार नाही. विजेला गाव नसते. देशभरच्या जाळ्यात कोळशाची, पाण्याची, वाऱ्याची आणि अणूची वीज एकत्र मिसळते, आणि जो तो त्या मिश्रणातून आपला वाटा घेतो. हे मिश्रण अद्यापि मुख्यत्वे कोळशाचे आहे. आपल्याकडे सरासरीने एका युनिटमागे ७०० ग्रॅमांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे आगगाडीतली आग विझलेली नाही. ती गाडीतून उतरून दूर कोठेतरी राहावयास गेली आहे.

मामांना हे नवीन नव्हते. १९२५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत देशातील पहिली विजेची गाडी धावली. दशकाच्या अखेरीस तारा घाटावर चढून पुण्यास पोहोचल्या, आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ निघाली. बोगद्यांतून गुदमरत जाणाऱ्या उतारूंना ते केवढे वरदान वाटले असेल! पण त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेने कल्याणजवळ ठाकुर्लीच्या चोळा गावी आपले स्वतःचे वीजघर उभारले होते, आणि ते कोळशावर चालत होते. राणीच्या अंगावर काजळी नव्हती. ती ठाकुर्लीच्या धुराड्यातून निघत होती. पुढे ते वीजघरही बंद पडले.

मग हा सगळा खटाटोप निरर्थक काय? तसे मुळीच नाही. आणि येथे दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढल्या पाहिजेत, कारण भाषणांत आणि अहवालांत त्या नेहमी एकत्र कालविल्या जातात. एक आहे आपल्या नाकाशी येणारा धूर आणि धूळ. दुसरा आहे पृथ्वीचे तापमान वाढविणारा कार्बन वायू. पहिल्याचे दुखणे स्थानिक आहे. हजारो मोटारींच्या नळ्यांतून माणसाच्या उंचीवर बाहेर पडणारा धूर एका उंच धुराड्यात नेला, तेथे गाळण्या बसविल्या, तर गावातील श्वास निश्चित सुधारतो. दिल्लीने हे अनुभवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीस तेथील सगळ्या सार्वजनिक बसगाड्या डिझेल सोडून दाबलेल्या नैसर्गिक वायूवर आल्या. रस्त्यावरची काळी वाफ गेली. (मात्र शेजारच्या राज्यांतून येणाऱ्या जुन्या डिझेल बसगाड्यांना दिल्लीची वेस बंद व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. वारा राज्याची सीमा ओळखत नाही, पण फाइल ओळखते.) दुसऱ्या दुखण्याला मात्र स्थानांतराचे औषध लागू पडत नाही. कार्बन वायू साहिबाबादेत निघो की दादरीत, पृथ्वीच्या लेखी दोन्ही सारखेच.

म्हणून गाडीची वीज कोठून येते या प्रश्नावर कंपनीने काय केले ते पाहणे अगत्याचे आहे. तिने २०२१ साली सौर धोरण ठरविले आणि आपल्या एकूण विजेपैकी ७० टक्के वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचे लक्ष्य ठेवले. स्थानकांच्या आणि आगारांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसल्या. साहिबाबाद आणि गुलधर या दोन स्थानकांवर प्रत्येकी ७०० किलोवॉटांहून अधिक क्षमतेची यंत्रणा आहे, आणि २०२५ साली या दोन्ही स्थानकांना, आपल्या गरजेइतकी वीज आपणच निर्माण करणारी स्थानके म्हणून भारतीय हरित इमारत परिषदेने मान्यता दिली. गाडीचीही एक खुबी सांगण्याजोगी आहे. ब्रेक लागला की तिच्या मोटरी उलटे काम करू लागतात. ज्या विजेने गती घेतली होती तिचा काही भाग जनित्राप्रमाणे निर्माण करून पुन्हा तारेत सोडतात, आणि मागून येणाऱ्या गाडीला तो उपयोगी पडतो. दर काही किलोमीटरांवर थांबणाऱ्या गाडीत ही बचत लहान नव्हे.

दुहाईच्या आगारात तर २०२५ मध्ये एक नवाच प्रयोग झाला. दोन रुळांच्या मधल्या रिकाम्या पट्टीत ७० मीटर लांबीवर २८ सौरपट्ट्या अंथरल्या गेल्या. त्यांपासून वर्षाला सुमारे १७,५०० युनिट वीज मिळेल असा अंदाज आहे. वृत्तपत्रांनी या प्रयोगाची छायाचित्रे आवडीने छापली, आणि कल्पना सुरेख आहे यात संशय नाही; जमीन न अडविता ऊन पकडण्याची ती युक्ती आहे. पण प्रमाणाचे भान सुटू नये म्हणून एक गणित करून पाहू. समजा, सहा डब्यांच्या एका गाडीला एका किलोमीटरला २० युनिट वीज लागली. हा आकडा कंपनीचा नव्हे. केवळ हिशेब समजावा म्हणून मी तो धरतो आहे. तर १७,५०० युनिटांवर ती गाडी ८७५ किलोमीटर जाईल. म्हणजे या पूर्ण मार्गावरच्या दहा-अकरा खेपा. वर्षभर ऊन खाऊन तयार झालेली वीज एक गाडी एका दिवसात संपवील. स्थानकाच्या दिव्यांची, सरकत्या जिन्यांची आणि पंख्यांची गरज छपरावर भागते. धावत्या गाडीची भूक वेगळीच आहे, आणि तिच्यासाठी वीज बाहेरूनच, मोठ्या सौर व पवन प्रकल्पांशी करार करून आणावी लागणार. ७० टक्क्यांचे लक्ष्य गाठले जाईल ते या करारांच्या बळावर, छपरांच्या नव्हे. आणखी एक विसंगती आमच्या गावची. ज्या काळात धुके आणि धूर मिळून सूर्याला झाकून टाकतात, त्याच काळात सौरपट्ट्याही मंदावतात आणि त्यांच्यावर धूळ साचते. हवा सुधारण्यासाठी बसविलेल्या यंत्राला चांगल्या हवेची गरज लागावी, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा.

तेच गणित आणखी एक पाऊल पुढे नेऊ. किलोमीटरला २० युनिट, म्हणजे आजच्या मिश्रणाच्या हिशेबाने १४ किलोग्रॅमांच्या आसपास कार्बन वायू. गाडीत ७०० उतारू असतील, तर प्रत्येकाच्या नावावर किलोमीटरला २० ग्रॅम पडतात. ७० असतील तर २०० ग्रॅम. आता मोटार घ्या. लिटरला १५ किलोमीटर जाणारी आणि एकच माणूस घेऊन चाललेली पेट्रोलची गाडी किलोमीटरला दीडशे ग्रॅमांच्या घरात वायू सोडते. याचा अर्थ असा की भरलेली रेल्वे एकट्या मोटारवाल्यापेक्षा सातपट स्वच्छ, आणि तीच रेल्वे रिकामी धावू लागली तर त्याच्याहूनही मळकी. स्वच्छता यंत्रात नसते. ती बसलेल्या माणसांच्या संख्येत असते.

आणि आता एक अवघड जागा. आपली एस. टी. घ्या. लाल डबा म्हणून तिला नाके मुरडतात. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर ती प्रथम धावली, आणि २०२२ साली त्याच दिवशी, त्याच मार्गावर, ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली. पण विजेची बस क्षणभर बाजूस ठेवा. जुनी डिझेलचीच घ्या. लिटरला पाच किलोमीटर आणि ४४ उतारू धरले, तर माणशी किलोमीटरला अवघे १२ ग्रॅम येतात! भरलेली साधी बस कोळशाच्या विजेवर धावणाऱ्या भरलेल्या जलद रेल्वेपेक्षा कार्बनच्या खात्यात वरचढ ठरू शकते. तिची काजळी हा तिचा दोष आहेच, तो मी लपवीत नाही. परंतु यावरून एवढे सिद्ध होते की मीरतच्या बसमध्ये बसणारा माणूस उठून या गाडीत बसला, तर त्याचा वेळ वाचेल, सुख वाढेल, पण पृथ्वीचे फारसे काही वाचणार नाही. जे वाचेल ते मोटारवाला आपली मोटार घरी ठेवून या गाडीत येईल तेव्हाच. अडीच लाख टनांच्या त्या अंदाजाची सारी भिस्त या एका माणसावर आहे.

हा माणूस बससाठी मोटार सोडत नाही, हे आपण पन्नास वर्षे पाहत आलो. तो भुलतो ते वेगाला आणि वक्तशीरपणाला. म्हणून १६० किलोमीटरांचा वेग हा केवळ डामडौल नाही. अधिक वेगाला अधिक वीज लागते हे खरे. पण मोटारीशी बरोबरी करून तिला हरवू शकेल असे सार्वजनिक वाहन या वेगाखेरीज मिळत नाही. माझ्या मते या कंपनीची पर्यावरणाची खरी सेवा तिच्या सौरपट्ट्यांत नसून तिच्या वेळापत्रकात आहे. सकाळच्या गाडीत कचेरीचे ओळखपत्र गळ्यात घातलेली तरुण माणसे दिसतात. त्यांतील कित्येकांचे पूर्वी चौघांत मिळून मोटारीने जाणे होत असे, काहींचे एकट्याने. बायकांसाठी राखून ठेवलेल्या डब्यात मीरतकडच्या विद्यार्थिनी दिसतात, ज्यांना पूर्वी दिल्लीत खोली घेऊन राहावे लागले असते, किंवा शिकणेच सोडावे लागले असते. या शेवटच्या लाभाला कार्बनच्या खात्यात रकाना नाही. तो कोठे लिहावा?

आता मोटारवाल्याच्या बाजूने विचार करू. जानेवारी २०२५ मध्ये न्यू अशोक नगर ते दक्षिण मीरत हे साधे भाडे १५० रुपये ठेवण्यात आले. एकट्या माणसाला ते परवडते. पण नवरा, बायको आणि दोन मोठी मुले मीरतच्या लग्नाला निघाली की जाण्याचेच ६०० रुपये होतात, आणि स्थानकाला पोचण्याचे व स्थानकावरून मांडवात जाण्याचे वेगळे. दाराशी मोटार उभी आहे, तिचे हप्ते भरूनच टाकायचे आहेत. ती काढली तर पेट्रोलचा खर्च जवळजवळ तेवढाच. तो मोटार काढतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

शिवाय स्थानक म्हणजे घर नव्हे. आमच्या वसाहतीपासून साहिबाबाद स्थानक अडीच किलोमीटरांवर आहे. मधल्या वाटेत विजेवर चालणाऱ्या रिक्षा आहेत. त्या धूर काढीत नाहीत, पण कोठेही थांबतात, उलट्या बाजूने येतात, आणि पावसात दिसेनाशा होतात. पायी जावे तर पदपथावर पाणीपुरीच्या गाड्यापासून रोहित्रापर्यंत सर्व काही आहे, चालणाऱ्याला मात्र जागा नाही. १६० किलोमीटरांच्या वेगाने पंचवीस मिनिटे वाचवावीत आणि ती शेवटच्या अडीच किलोमीटरांत घालवावीत, असा हा व्यवहार होतो. रेल्वे कंपनी म्हणेल, पदपथ आमच्या हद्दीत नाही. आणि कायद्याने ते खरे आहे. पण तिच्या अडीच लाख टनांतले कित्येक टन त्या पदपथावरच अडकलेले आहेत.

या कथेत आणखी एक पात्र आहे, आणि ते या रेल्वेच्या शेजारीच राहते. दिल्ली-मीरत द्रुतगती महामार्ग एप्रिल २०२१ मध्ये वाहतुकीस पूर्ण खुला झाला; दिल्लीपासून डासन्यापर्यंत तो, बाजूचे रस्ते धरून, १४ पदरी आहे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते देखणे काम आहे. पण विचार करा: एकाच पट्ट्यात, दोन वर्षांच्या अंतराने, एका खात्याने मोटारवाल्याला ‘गाडी घरी ठेव’ असे सांगणारी रेल्वे उभारली आणि दुसऱ्याने त्याला ‘ये, तुझ्यासाठी १४ पदर अंथरले आहेत’ असे निमंत्रण दिले. मी सरकारी सेवक आहे. आमच्या खात्या-खात्यांत वैर नसते. मात्र एका खात्याची टिपणे दुसऱ्या खात्यात क्वचितच वाचली जातात. रुंद रस्ता नवी वाहने जन्मास घालतो, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. रस्त्यावर वाहने ठेवण्याचे भाडे आणि पथकर यांचा विचार रेल्वेच्या तिकिटाशी जोडून कोणी केला नाही, तोवर हा सामना बरोबरीचा होणार नाही.

राहिले सिमेंट. या मार्गाचा सुमारे ७० किलोमीटरांचा भाग खांबांवर आहे; गाझियाबादचे स्थानक तर मेट्रोच्या मार्गावरून उडी घेऊन जमिनीपासून सुमारे २५ मीटर उंचीवर बसले आहे. एक टन सिमेंट भाजताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन वायू सुटतो, आणि एक टन पोलाद घडविताना आपल्याकडे दोन टनांहून अधिक. म्हणजे पहिला उतारू चढण्यापूर्वीच या गाडीने पृथ्वीकडून मोठे कर्ज काढलेले आहे. कर्ज काढणे हा गुन्हा नव्हे. चांगला पूल शंभर वर्षे टिकतो आणि मोटारींचे रस्तेही सिमेंटचेच होतात. पण वर्षाला अडीच लाख टन वाचविण्याची भाषा करताना, पहिली काही वर्षे ते वाचविणे म्हणजे कर्जफेड असते, एवढे लिहून ठेवावयास हरकत नसावी. कर्जफेडीची मुदत पुन्हा त्याच गोष्टीवर ठरते: गाडीत माणसे किती, आणि ती मोटारीतून उतरून आलेली आहेत की बसमधून.

आपल्याकडील कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्याचा योग मला कामानिमित्त वारंवार येतो. सगळ्यांच्या शेवटी आता पर्यावरणाचे एक प्रकरण असते. त्यात रोपे किती लावली ते असते, जगली किती ते नसते. दिवे किती बदलले ते असते. काम किती वाढले आणि त्यापायी एकूण वीज किती अधिक लागली, ते दुसऱ्या प्रकरणात शोधावे लागते. वाहतुकीच्या कंपनीची अडचण तर याहून निराळी आहे. तिने सचोटीने आपला हिशेब ठेवला, तर तिचा स्वतःचा वीजवापर दर वर्षी वाढतानाच दिसेल, कारण गाड्या वाढतील. आणि तिने वाचविलेला धूर तिच्या वहीत येणारच नाही, कारण तो दुसऱ्यांच्या मोटारींतून न निघालेला धूर आहे. न घडलेल्या गोष्टीची मोजणी करणे हे अवघड शास्त्र आहे. मोजणीचा एकच प्रामाणिक उपाय मला दिसतो, तो म्हणजे उतारूंनाच विचारणे. ही गाडी नसती तर आज आपण कसे गेला असता? एवढा एक प्रश्न, दर तिमाहीला, सर्व स्थानकांवर, सकाळी आणि संध्याकाळी.

दिल्लीहून पानिपतकडे आणि राजस्थानच्या सीमेवरून अलवरकडे असे याच पद्धतीचे आणखी मार्ग योजलेले आहेत. पानिपतचे नाव काढले की मराठी कान टवकारतात, पण तो विषय आजचा नव्हे. त्या मार्गांचे खांब रोवण्याआधी गाझियाबादच्या मार्गाचा तक्ता लोकांपुढे यावा, अशी माझी अपेक्षा आहे. त्यात रकाने फार नकोत. किलोमीटरला लागलेली वीज किती. तीतली उन्हाची आणि वाऱ्याची किती. एका गाडीत सरासरी उतारू किती. त्यांतले मोटार सोडून आलेले किती, दुचाकी सोडून आलेले किती, बसमधून आलेले किती. आणि घरापासून स्थानकापर्यंत पायी चालत आलेले किती. शेवटच्या रकान्यात आमच्या वसाहतीतून सध्या फारशी भर पडणार नाही. नगरपालिकेने रोहित्र पदपथावरून हलविले, तर त्यात माझे एक नाव धरावयास हरकत नाही.